माफीनाम्यात राहून गेलेला मजकूर

१९९२ च्या पाडव्यानंतर, चैत्राचे ऊन चढू लागले असताना, करमाडच्या आसपासच्या एका गावात मी एक कागद लिहिला. गावाचे नाव येथे देत नाही; ते दिल्यास दोष त्या एकाच गावाच्या पदरी पडेल आणि जालना रस्त्याच्या दोन्ही अंगांची बाकीची गावे आपण सुटलो असे समजतील. तेथील शाळेत मी नुकताच शिक्षक म्हणून रुजू झालो होतो, अक्षर वळणदार होते, आणि म्हणून गावकीचे अर्ज, वाटणीपत्रे, भाडेचिठ्ठ्या लिहिण्याचे काम आपोआप माझ्याकडे आले होते. बौद्धवाड्यातील एका सालगड्याने साल संपल्यावर आपला हिशेब मागितला, निघालेली बाकी रोख मिळावी असे म्हटले आणि पुढचे साल धरण्यास नकार दिला, एवढेच त्या प्रकरणाचे मूळ होते. मालकाच्या दोन मुलांनी त्याला पिठाच्या गिरणीत, दळणाला आलेल्या पंधरावीस माणसांच्या देखत गाठले, जातीचा उच्चार करून आईबापांचा उद्धार केला, आणि घर पेटवायला एक काडी पुरते, हे ध्यानात ठेव, असे बजावले.

तो पायी ठाण्यावर गेला. तेथे त्याला दोन तास बाकावर बसवून ठेवण्यात आले, आणि त्या दोन तासांत गावातील प्रतिष्ठित मंडळी जीपने येऊन पोहोचली. मलाही त्यांनी बरोबर घेतले, कारण कागद लिहायला कोणीतरी हवे होते. मंडळींनी सांगितलेला आणि मी वळणदार अक्षरात उतरवलेला मजकूर असा होता, की रागाच्या भरात उभयपक्षी शब्दाला शब्द वाढला, त्यात कोणाचे मन दुखावले असल्यास आम्ही दिलगीर आहोत, आणि आता आमची एकमेकांविरुद्ध काहीएक तक्रार राहिलेली नाही. मुलांनी हसत सह्या केल्या. तो मात्र कागद हातात घेऊन, ओठ हलवीत, शेवटपर्यंत वाचत राहिला, आणि मग माझ्याकडे पाहून म्हणाला, "गुरुजी, त्यायनं काय केलं ते तर यात लिहिलंच न्हाई."

मी त्याला म्हणालो, मिटतंय तर मिटू द्या. त्याने सही केली. पुढच्या पावसाळ्यात गावात त्याला कोणी निंदणीलासुद्धा बोलावले नाही, आणि दिवाळीच्या आत तो बायकामुलांसह वाळूजकडे कारखान्यात रोजंदारीवर निघून गेला. आज सेवानिवृत्त होऊन करमाडला राहत असताना, वर्तमानपत्रात कोणाही पुढाऱ्याची वा अधिकाऱ्याची 'भावना दुखावल्या असल्यास' या शब्दांनी सुरू होणारी दिलगिरी वाचली, की मला तो कागद आठवतो. कारण त्या दिवशी त्याने जे एका वाक्यात सांगितले ते समजण्यास मला जवळजवळ सारी नोकरी लागली.

आपल्या भाषेत या व्यवहारासाठी तीन शब्द आहेत आणि ते तिन्ही आपण एकाच अर्थाने वापरतो, हेच पुष्कळशा अनर्थाचे मूळ आहे. 'दिलगीर' हा फारसी शब्द. ज्याचे मन धरले गेले आहे, जो खिन्न आहे, तो दिलगीर. त्यात खेद आहे, कर्तृत्व नाही. पाऊस पडला नाही म्हणूनही मनुष्य दिलगीर होऊ शकतो. 'माफी' हा दफ्तरातला शब्द. शेतसारा माफ होतो, फी माफ होते, कर्ज माफ होते, म्हणजे येणे असलेली वस्तू सोडून दिली जाते, आणि सोडून देण्याचा अधिकार ज्याचे येणे आहे त्याचाच असतो. 'क्षमा' हा संस्कृत शब्द ज्या धातूपासून आला त्याचा अर्थ सहन करणे आणि समर्थ असणे असा दुहेरी आहे, आणि सर्व भार सोसणारी म्हणून पृथ्वीलाही क्षमा हे नाव आहे. तेव्हा क्षमा करणारा तोच असू शकतो ज्याने सोसले आहे आणि ज्याच्या ठायी, इच्छिल्यास, क्षमा न करण्याचेही सामर्थ्य आहे. ज्या माणसाला नाही म्हणण्याची सोय नाही त्याच्याकडून घेतलेल्या होकाराला क्षमा म्हणणे हा भाषेचाही अपराध आहे.

तो कागद लिहिला गेला तेव्हा अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायदा अमलात येऊन दोन वर्षे झाली होती. ३० जानेवारी १९९० पासून तो लागू होता. सार्वजनिक दृष्टिपथात असलेल्या ठिकाणी मानखंडना करण्याच्या हेतूने केलेला अपमान अथवा दिलेला धाक हा त्या कायद्याने सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंतच्या कैदेचा गुन्हा ठरवला होता आणि आजही तो तसाच आहे. आणि हा गुन्हा पक्षकारांनी आपसात मिटवावा अशी तरतूद त्या कायद्यात नव्हती आणि नाही. म्हणजे त्या दिवशी ठाण्याच्या बाकावर आम्ही जे केले ते करण्याचा अधिकार ना मंडळींना होता, ना अंमलदाराला, ना मला. धाक हा शब्द कायद्याने अपमानाच्या शेजारी का बसवला हेही समजून घेतले पाहिजे. गिरणीत उच्चारलेली ती काडी त्या एकट्या माणसासाठी नव्हती. दळणाचे डबे घेऊन उभ्या असलेल्या वाड्यातल्या प्रत्येक बाईने ती आपल्या घरी नेली, आणि पुढच्या पाडव्याला हिशेब मागण्याचे धैर्य आणखी कोणाला झाले नाही.

हे आजचेच नाही. १९३४ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांचे सहकारी दौलताबादचा किल्ला पाहण्यास गेले असता प्रवासाची धूळ धुण्यासाठी त्यांनी हौदाच्या पाण्याला हात लावला, आणि पाणी बाटवले म्हणून जमाव त्यांच्या अंगावर धावून आला. अखेर कोठेही पाण्याला स्पर्श करणार नाही या अटीवर आणि शस्त्रधारी शिपाई बरोबर देऊन त्यांना किल्ल्यात जाऊ देण्यात आले. त्या जमावात मुसलमान होते, आणि अस्पृश्यतेचा रोग धर्माची वेस ओलांडतो, हे बाबासाहेबांनी तो प्रसंग लिहिताना नोंदवून ठेवले. करमाडहून दौलताबाद अर्ध्या दिवसाची सहल आहे. शाळेच्या सहलीत मीही कित्येक वर्षे मुलांना तेथे नेले, भुयार दाखवले, तोफ दाखवली, आणि या हौदाची हकीकत कधी सांगितली नाही. २००१ साली डर्बनच्या जागतिक वंशद्वेषविरोधी परिषदेत, जात म्हणजे वंश नव्हे, असे भारत सरकारने आग्रहाने मांडले. शास्त्रार्थ म्हणून ते खरे असेलही, परंतु ज्याच्या घराला काडी दाखवली जाते त्याला हा सूक्ष्म भेद कोणत्या उपयोगाचा?

आता आपल्या न्यायव्यवस्थेतील एका विसंगतीकडे वाचकांचे लक्ष वेधतो, कारण या लेखाचा सारा आग्रह तिच्यावरच उभा आहे. न्यायालयाचा अवमान करणाऱ्याने माफी मागितली तर ती कशी पारखावी याविषयी आपल्या न्यायालयांनी फार बारकाईने विचार केलेला आहे. १९७१ च्या न्यायालय अवमान कायद्यानुसार माफीने न्यायालयाचे समाधान झाले तरच शिक्षा माफ होऊ शकते. त्याच्याही आधी, नागपूरच्या दोन वकिलांनी तेथील उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींविषयी केलेल्या अर्जाच्या प्रकरणात, आपल्या कृत्याचे समर्थन आणि त्याच कृत्याबद्दलची माफी ही एका वेळी संभवत नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने बजावले होते. माफी हे शिक्षा चुकवण्याचे हत्यार नसून तिच्यात खरा पश्चात्ताप दिसला पाहिजे, हे तत्त्व त्यानंतर कितीतरी निकालपत्रांत पुन्हा पुन्हा आले. तत्त्व उत्तम आहे. माझे म्हणणे एवढेच, की न्यायासनाच्या प्रतिष्ठेला धक्का लागला असता जी कसोटी लावली जाते, तीच कसोटी गिरणीत उभ्या असलेल्या सालगड्याच्या प्रतिष्ठेलाही लावली पाहिजे. 'उभयपक्षी शब्दाला शब्द वाढला' हे समर्थन आहे. 'दिलगीर आहोत' ही माफी आहे. दोन्ही एकाच कागदावर होती, आणि तो कागद नागपूरच्या त्या वकिलांनी न्यायालयापुढे ठेवला असता तर त्यांना तेथून तो परत घ्यावा लागला असता. आमच्या ठाण्यावर मात्र तो फायलीला लागला.

ज्यांचा ठाण्याशी संबंध आला आहे त्यांना पुढचा क्रम पाठ असतो. प्रथम 'एन.सी.' करून बोळवण करायची, म्हणजे अदखलपात्र नोंद घेऊन कोर्टात जा म्हणून सांगायचे. फिर्यादी अडून बसला तर त्याच्यावर चोरीची नाहीतर छेडछाडीची उलट फिर्याद घ्यायची. गुन्हा दाखल झालाच तर सहा महिन्यांनी 'बी समरी' पाठवून प्रकरण खोटे ठरवायचे. या प्रत्येक पायरीवर कोणीतरी वडीलधारा मनुष्य माफीनाम्याचा कोरा कागद घेऊन उभा असतो. २००७ च्या स्वातंत्र्यदिनी सुरू झालेल्या तंटामुक्त गाव मोहिमेने बांधाबांधाचे किती तरी जुने वाद मिटवले, आणि त्याबद्दल त्या मोहिमेविषयी मला आदर आहे. परंतु जो गुन्हा कायद्याने आपसात मिटवता येत नाही तो समितीच्या सतरंजीवर बसवून मिटवण्याचा अधिकार गावाला नाही, आणि बक्षिसासाठी तंट्यांची संख्या शून्य दाखवण्याची घाई जेथे झाली तेथे वाड्याला गप्प बसवणे हाच सर्वांत सोपा मार्ग ठरला.

अत्याचार प्रतिबंधक कायद्यातील २०१५ च्या दुरुस्तीने लोकसेवकाची कर्तव्ये कलम ४ मध्ये एकेक करून लिहिली, ती वाचताना मला माझा कागद डोळ्यांपुढे दिसला. तोंडी सांगितलेली फिर्याद लिहून घेतल्यावर ती सही घेण्यापूर्वी फिर्यादीस वाचून दाखवली पाहिजे, गुन्हा दाखल केला पाहिजे, आणि प्रत तेथल्या तेथे दिली पाहिजे. न केल्यास सहा महिने ते एक वर्ष कैद. अत्यंत साधी, माणुसकीची ही तरतूद. परंतु तिच्याच शेपटाला अशी अट जोडलेली आहे की प्रशासकीय चौकशीत शिफारस झाल्याखेरीज त्या लोकसेवकावर दोषारोप ठेवता येत नाही. म्हणजे ज्या खात्याने कसूर केली त्याच प्रशासनाच्या चौकशीवर सारे अवलंबून. नियमांप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील दक्षता समितीने दर तीन महिन्यांनी बसावे असे आहे. तिचे इतिवृत्त मराठीत, गावाच्या नावासह, ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागले पाहिजे, म्हणजे कोणत्या ठाण्यात किती फिर्यादी माफीनाम्यावर विझल्या हे करमाडच्या बाजाराला आलेल्या माणसाला उभ्या उभ्या वाचता येईल.

यावर, या कायद्याचा दुरुपयोग होतो, असा आक्षेप हमखास येतो, आणि तो टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. दुरुपयोग कोणत्या कायद्याचा होत नाही? खोटी फिर्याद न्यायालयात टिकत नाही, तिच्यासाठी शिक्षाही आहे. परंतु महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात, २० मार्च २०१८ रोजी, सर्वोच्च न्यायालयाच्या खंडपीठाने या आक्षेपाला इतके वजन दिले की अटकेपूर्वी परवानगी आणि गुन्हा नोंदवण्यापूर्वी प्राथमिक चौकशी अशा अटी घातल्या. देशभर क्षोभ उसळला, २ एप्रिलच्या बंदमध्ये माणसे मेली. संसदेने कायदा दुरुस्त केला, आणि १ ऑक्टोबर २०१९ रोजी न्यायालयाने आपलेच ते निर्देश कारणे देऊन मागे घेतले. त्या निकालात माफीचा शब्द नसेल, परंतु चूक कोणती, ती का चूक, आणि ती आता कशी दुरुस्त होते, हे तिन्ही लिहिलेले आहे. मला त्या कागदात अधिक माफी दिसते.

मराठवाड्याने शासनाच्या औदार्याचा दुसरा प्रकारही पाहिला आहे. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला डॉ. आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव केला, आणि त्यानंतरच्या दिवसांत गावोगाव वाडे पेटले, विहिरी नासवल्या गेल्या, नांदेड जिल्ह्यात पोचीराम कांबळे यांच्यासारख्यांची हत्या झाली. नाव यायला १४ जानेवारी १९९४ उजाडावे लागले. त्या साऱ्या काळाच्या वैरातून अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली दाखल झालेले मराठवाड्यातील हजाराहून अधिक खटले, ते सूडबुद्धीने केलेले आहेत असे म्हणून, १९९५ साली सत्तेवर आलेल्या सरकारने काढून घेतले. ज्यांची घरे जळली त्यांना कोणी विचारले नाही. येणे एकाचे, आणि माफ केले दुसऱ्याने.

आणि आता परभणी. १० डिसेंबर २०२४ रोजी परभणीच्या रेल्वे स्थानकासमोरील बाबासाहेबांच्या पुतळ्याजवळ ठेवलेल्या संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली, दुसऱ्या दिवशीच्या बंदला हिंसक वळण लागले, पोलिसांनी वस्त्यांत शिरून धरपकड केली. त्या धरपकडीत पकडला गेलेला, वडार समाजातील, कायद्याचे शिक्षण घेत असलेला सोमनाथ सूर्यवंशी हा तरुण १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत मरण पावला. शवविच्छेदन आपल्या संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात झाले, आणि अनेक जखमांमुळे बसलेला धक्का हे मृत्यूचे कारण तेथील डॉक्टरांनी नोंदवले. सभागृहात मात्र मारहाण झालीच नाही असे सांगण्यात आले. पुढे दंडाधिकाऱ्यांच्या चौकशीत पोलिसांवर ठपका आला. तरी गुन्हा दाखल होण्यासाठी त्याच्या आईला उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाची पायरी चढावी लागली. ४ जुलै २०२५ रोजी खंडपीठाने गुन्हा नोंदवण्याचा आदेश दिला, त्याविरुद्ध राज्य सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि ३० जुलैला तेथेही तो आदेश कायम राहिला. एका मातेच्या मुलाच्या मृत्यूची पहिली खबर कागदावर यावी यासाठी साडेसात महिने, आणि तीही देशाच्या सर्वोच्च पीठापर्यंत जाऊन.

या साडेसात महिन्यांच्या काळात, फेब्रुवारीत, परभणीहून मुंबईकडे निघालेल्या पायी मोर्चाला सामोरे जाताना सत्ताधारी पक्षाच्या एका आमदारांनी, मन मोठे करून पोलिसांना माफ करावे, असे आवाहन केले. आपल्या बोलण्याचा विपर्यास झाला असे त्यांनी मागाहून सांगितले, आणि त्यांच्या हेतूविषयी मी काही म्हणत नाही. परंतु त्या क्षणी कोणत्याही पोलिसावर गुन्हा नव्हता, कोणी काही कबूल केले नव्हते, कोणी माफी मागितलेलीही नव्हती. न मागितलेली, न कबूल केलेल्या अपराधाची माफी त्या आईने द्यावी, अशी ती अपेक्षा होती; आणि हे ऐकून मला तेहेतीस वर्षांपूर्वी मी उच्चारलेले 'मिटतंय तर मिटू द्या' हे शब्द जसेच्या तसे परत ऐकू आले. त्या माउलीने शासनाचा दहा लाखांचा धनादेशही नाकारला होता. परभणी-जालना-संभाजीनगर हा रस्ता करमाडवरूनच जातो. त्या आठवड्यात रस्त्याकडेच्या हॉटेलांतून, 'एवढे पैसे देतात तरी घेत नाही, म्हणजे काय', असे बोलणारे मी आपल्या कानांनी ऐकले. तिला काय हवे होते हे त्यांना कळत नव्हते. तिला तो राहून गेलेला मजकूर हवा होता.

दक्षिण आफ्रिकेत वर्णभेदाची राजवट संपल्यावर आर्चबिशप डेस्मंड टुटू यांच्या अध्यक्षतेखाली सत्य आणि सलोखा आयोग बसला, त्याची एक गोष्ट आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही. राजकीय गुन्ह्याबद्दल अभय मिळण्यासाठी तेथे माफी मागण्याची अट नव्हती. अट होती ती आपण काय केले हे संपूर्ण, काही न लपवता, सांगण्याची. कोणाच्या अंतःकरणात पश्चात्ताप आहे की नाही हे तपासण्याचे यंत्र कोणत्याही आयोगापाशी नसते, परंतु प्रेत कोठे पुरले हे त्याने सांगितले की नाही, एवढे तपासता येते. त्या आयोगातही पुष्कळ उणिवा राहिल्या, खटले व्हायचे ते झाले नाहीत आणि अनेक कुटुंबे आजही असमाधानी आहेत. तरीही क्रम त्यांनी बरोबर ओळखला होता: आधी हकीकत, मग बाकी सारे. आपल्याकडे ठाण्यापासून सभागृहापर्यंत हा क्रम उलटा आहे.

गेल्या वर्षी मी वाळूजला गेलो. त्याचा पत्ता शोधायला दोन दिवस लागले. केस पांढरे झालेले, मुलगा कंपनीत कायम, घरावर पत्र्याऐवजी स्लॅब. मी घरून एक कागद लिहून नेला होता, त्यात पाडव्याचा हिशेब, गिरणी, उच्चारलेले शब्द, ती काडी, आणि ठाण्याचा बाक, सारे आठवेल तसे क्रमाने मांडले होते. त्याने चष्मा लावला आणि पूर्वीसारखेच, ओठ हलवीत, शेवटपर्यंत वाचले. मी क्षमेचा शब्द काढला नाही, त्यानेही काढला नाही. सुनेने चहा आणून ठेवला. मग कागद माझ्याकडे परत करून तो म्हणाला, "बाकी बराबर हाय गुरुजी. पर त्या दिशी ठाण्यात कोन कोन व्हतं, त्यांची नावं राह्यली."

खाली थोडी जागा उरली होती. मी पेन काढले, आणि पहिले नाव माझे लिहिले.